केरामेइकोसमधली परदेशी दूतांची थडगी: अथेन्सनं सरकारी खर्च का केला?

दर्यावर्दी

नमस्कार मंडळी,

मी मालवाहू जहाजावर थर्ड इंजिनिअर आहे, गाव अलिबागजवळ. परवा जहाज पिरियसला लागलं होतं. कंटेनर चढवायला वेळ लागणार होता म्हणून चीफनं दुपारपुरती शोअर लीव्ह दिली. ॲक्रोपोलिस मागे बघून झालंय, त्यामुळे हिरव्या लाइनच्या मेट्रोनं थिसिओला उतरलो आणि एर्मू रस्त्यानं चालत केरामेइकोसला गेलो. अथेन्सच्या जुन्या तटाला लागून असलेलं हे प्राचीन स्मशान. गर्दी जवळपास नाहीच. मधून एरिडानोस नावाचा बारीक ओढा जातो, काठच्या गवतात कासवं हिंडत असतात.

तटाला तिथे ‘पवित्र दरवाजा’ आहे. त्यातून बाहेर पडून एलेउसिसकडे जाणारा रस्ता धरला की डाव्या अंगाला एक टेकाड लागतं. त्याच्या उतारावर दोन थडगी शेजारी शेजारी आहेत. दिसायला अगदी साधी. शेजारच्या श्रीमंत थडग्यांवर घोडेस्वार आहेत, बैल आहे, तसलं इथे काही नाही. पाटी वाचली आणि थांबलो. एक थडगं पिथागोरसचं (गणितवाला नव्हे), मार्माराच्या काठावरच्या सेलिम्ब्रियाचा. दुसरं थेर्सांद्रोस आणि सिमिलोस या कर्किराच्या, म्हणजे आजच्या कॉर्फूच्या, दोन दूतांचं. तिघंही परदेशी, आणि तिघांनाही अथेन्सनं सरकारी खर्चानं पुरलं.

माझे प्रश्न असे. दूत मेला तर त्याला यजमान शहरानंच पुरायचं ही तेव्हाची रीतच होती का, की हा खास मान? पिथागोरसला ‘प्रॉक्सेनॉस’ म्हटलंय, तो दूतच का? आणि शहराच्या तोंडाशी, इतक्या मोक्याच्या जागी परक्यांना का ठेवलं? आमच्या धंद्यात माणूस परक्या बंदरात गेला की पुढे काय काय होतं ते मी जवळून पाहिलंय, म्हणून हे दगड डोक्यातून जात नाहीत. कुणाला माहिती असेल तर सविस्तर लिहा.

रानवारा

थोडक्यात उत्तर: राजकारण.

सेलिम्ब्रिया कुठे आहे ते नकाशात बघा. आजचं तुर्कस्तानातलं सिलिव्री. काळ्या समुद्रातून येणारं धान्य त्याच किनाऱ्यावरून खाली उतरायचं आणि अथेन्सचं पोट त्या धान्यावर होतं. शिवाय सेलिम्ब्रिया अथेन्सला खंडणी भरणाऱ्या शहरांपैकी. तिथला एक वजनदार घराण्यातला माणूस आपल्या बाजूचा असणं म्हणजे वाटेवरचं ठाणं आपलं असणं. कर्किराचंही तेच. त्यांचं आरमार ग्रीसमध्ये मोठ्यांत गणलं जायचं आणि इटली-सिसिलीच्या वाटेवर ते बेट बसलंय. इ.स.पू. ४३३ मध्ये कर्किराचे दूत मदत मागायला अथेन्सला आले, दोन दिवस सभा चालली, शेवटी संरक्षणापुरता करार झाला आणि त्यातूनच पुढे अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातलं पेलोपोनीसचं मोठं युद्ध पेटलं. अशा दोस्तांची थडगी दरवाज्याशी बांधली तर येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतात. यात माणुसकी शोधायला जाऊ नये असं माझं मत.

वनमाला

दर्यावर्दी, तुमचा प्रश्न वाचला आणि रात्रीच लिहायला बसले. माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं आखातातल्या आपल्या एका वकिलातीत गेली, त्यातलीही बरीच मृत्यू-नोंदणीच्या टेबलावर. निवृत्तीनंतर ग्रीक शिलालेखांचा नाद लागला आणि या दोन दगडांपाशी मी अडकले ती अडकलेच. रानवारा म्हणतात ते राजकारण खरं आहे, पण तेवढ्यानं दगडावरचा मजकूर उलगडत नाही.

आधी पिथागोरस. तो रूढ अर्थानं दूत नव्हता. प्रॉक्सेनॉस म्हणजे आपल्याच गावात राहणारा, तिथलाच नागरिक, पण दुसऱ्या शहराच्या लोकांची काळजी वाहणारा. आजच्या मानद कॉन्सुलच्या जवळ जाणारं काम. अथेन्सचा माणूस सेलिम्ब्रियात आला की त्याच्या उतरण्याची सोय, गावातल्या मोठ्यांशी ओळख, कज्जा उभा राहिला तर मध्यस्थी, सगळं याच्या दारात. हे पद बऱ्याचदा बापाकडून मुलाकडे यायचं. म्हणून त्याच्या दगडावर पूर्वजांचाही उल्लेख आहे. चार ओळींची कविता आहे ती, साधारण इ.स.पू. पाचव्या शतकाच्या मध्यातली. मी मराठीत असं म्हणेन:

“त्यानं आणि त्याच्या वाडवडिलांनी आमची पाठराखण केली, सचोटीनं केली, म्हणून डायोनिसिओसच्या या मुलाला, पिथागोरसला, अथेन्सच्या लोकांनी सरकारी खर्चानं इथे ठेवलं. घोडे चरतात त्या सालिब्रियाला (म्हणजे सेलिम्ब्रियाला), त्याच्या मायभूमीला, तो गेल्याचं दुःख पोचलं.”

शेवटची ओळ मी अनेकदा वाचते. अथेन्सकर स्वतःचं दुःख सांगून थांबत नाहीत. बातमी दूर त्याच्या गावी गेली असेल, तिथे काय झालं असेल, याची आठवण ते ठेवतात. त्या गावात घोडे चरतात हेसुद्धा त्यांना दगडावर यायला हवं होतं.

कर्किराच्या दोघांचा दगड असा:

“थेर्सांद्रोस आणि सिमिलोस, ज्यांच्यासाठी त्यांची मायभूमी कर्किरा झुरते असे दोघे, इथे मातीनं आपल्या पोटात घेतले. दूत म्हणून आले, दैवयोगानं वारले. अथेन्सच्या लेकरांनी सरकारी खर्चानं त्यांचे अंत्यविधी केले.”

कशानं वारले ते दगड सांगत नाही. अक्षरांचं वळण चौथ्या शतकातलं आहे. म्हणून काही अभ्यासक हा प्रसंग इ.स.पू. ३७५ च्या सुमाराचा मानतात, तेव्हा कर्किरा अथेन्सच्या नव्या संघात आली. काहींच्या मते दूत ४३३ च्या गडबडीतलेच, दगड मात्र पुढे नव्यानं बसवलेला. दुसरं खरं असेल तर मला ते फार मोलाचं वाटतं. दोन-तीन पिढ्यांनंतर कुणीतरी त्या थडग्याची डागडुजी करायचं मनावर घेतलं.

आता तुमचा मुख्य प्रश्न, रीत होती की मान. अथेन्समध्ये मृताला पुरणं हे घरच्यांचं कर्तव्य, आणि ते किती कडक होतं याचे दोन पुरावे देते. आर्खोन, म्हणजे शहराचा वरिष्ठ अधिकारी, नेमायचा तर त्याची आधी जाहीर चौकशी व्हायची. त्यात आईबापांची नावं, घरचे देव आणि सोबत एक प्रश्न: तुझ्या घराण्याची थडगी आहेत का, आणि कुठे आहेत? ज्याला ते सांगता येत नाही तो माणूस कुणाचाच नाही. दुसरा पुरावा कायद्याचा. गावच्या हद्दीत कुणी मेलं आणि नातेवाइकांनी प्रेत उचललं नाही, तर गावचा मुख्य, देमार्ख, त्यानं त्याच दिवशी मूठमाती द्यायची, तीही कमीत कमी खर्चात. मग तो खर्च जबाबदार नातलगांकडून दुप्पट वसूल करायचा. देमार्खानं हयगय केली तर त्यालाच १००० द्राख्मांचा दंड.

म्हणजे बेवारस माणसाची सोय होती, पण ती कमीत कमी खर्चाची. दुसऱ्या टोकाला युद्धात पडलेल्यांचा सरकारी अंत्यविधी. अस्थी मांडवात दर्शनाला ठेवायच्या, मग दहा जमातींच्या दहा सुरूच्या पेट्या गाड्यांवरून निघायच्या, आणि ज्यांची प्रेतं मिळाली नाहीत त्यांच्यासाठी एक रिकामी तिरडी सजवून न्यायची. या मिरवणुकीत परदेशी माणसालाही चालता यायचं. हा शहराचा सर्वोच्च मान. आमच्या तिघांच्या दगडांवर ‘सरकारी खर्चानं’ म्हटलंय ते या दुसऱ्या टोकाचं आहे. घरचं कुणी जवळ नसलेल्या माणसासाठी अथेन्स शहर स्वतः घरचं झालं. माझ्या मते या दगडांचं सगळं मर्म एवढ्यात आहे.

हे मी भाबडेपणानं म्हणत नाही. माझ्या टेबलावर जी फाइल यायची तिच्यात काय असायचं सांगते. रुग्णालयाचा मृत्यूचा दाखला, पोलिसांचा कागद, स्थानिक नोंदणीचा उतारा आणि त्याचं भाषांतर, रद्द केल्याचा शिक्का मारलेला पासपोर्ट, एम्बामिंगचं प्रमाणपत्र, घरच्यांचं संमतीपत्र, आमचा ना-हरकत दाखला आणि शेवटी विमान कंपनीची कार्गोची पावती, ज्यावर माणसाचं वजन पेटीसकट लिहिलेलं असतं. यातला एक कागद अडला की माणूस शवागारात पडून. रत्नागिरीकडचा एक क्रेनचालक होता. त्याचा धाकटा भाऊ दुसऱ्या शहरातून रात्रभर बसनं आला आणि सकाळी कार्यालय उघडायच्या आधी दाराशी उभा. इस्त्री केलेला पांढरा सदरा घालून. मला म्हणाला, “मॅडम, भावाच्या पेटीवर सही करायची ना, नीट कपडे नकोत का?” कागदाला कागद लावून पेटी रवाना केली की आमचं काम संपायचं. पण कुणीतरी घरचं म्हणून उभं राहणं हे काम निराळं, ते तो पोरगा करत होता. ज्याला असा भाऊ येऊ शकत नव्हता, त्याच्यासाठी कोण उभं राहिलं हे मी नेहमी बघायचे. कधी खोलीतले सोबती, कधी मुकादम, कधी कुणीच नाही.

म्हणून थेर्सांद्रोस आणि सिमिलोस यांच्या दगडावर ‘अथेन्सच्या लेकरांनी अंत्यविधी केले’ हे वाचताना मला राजकारण नंतर आठवतं.

रानवारा

वनमालाताई, लिहिलंत मनापासून, वाचताना गलबललो. तरी एक गोष्ट समोर ठेवतो, नाहीतर चित्र अर्धवट राहील.

इ.स.पू. ४३० मध्ये स्पार्टाचे दूत अनेरिस्तोस, निकोलाओस आणि प्रातोदामोस, सोबत कॉरिंथचा अरिस्तेउस आणि आणखी काहीजण, पर्शियाच्या राजाकडे मदत मागायला निघाले होते. थ्रेसमध्ये त्यांना पकडून अथेन्सच्या हवाली केलं. अथेन्सनं त्यांना त्याच दिवशी, चौकशी न करता, त्यांना बोलायचं होतं तरी बोलू न देता मारलं आणि प्रेतं खड्ड्यात टाकली. कारण काय दिलं, तर स्पार्टावाले समुद्रात सापडलेल्या आमच्या व्यापाऱ्यांना असंच मारून टाकतात. त्याआधी पर्शियाचा राजा दारयवुश याच्या दूतांनाही अथेन्सनं खड्ड्यात ढकललं होतं आणि स्पार्टानं विहिरीत. शरणागतीची खूण म्हणून ते माती आणि पाणी मागायला आले होते; ‘माती आणि पाणी हवं ना, तिथून घ्या’ म्हणून. म्हणजे दोस्ताच्या दूताला दरवाज्याशी थडगं, शत्रूच्या दूताला खड्डा. शहर घरचं झालं म्हणता, ते फक्त कामाच्या माणसांपुरतं झालं.

वनमाला

रानवारा, तुम्ही मांडलेलं सगळं खरं आहे आणि त्यात मला काही सौम्य करायचं नाही. ४३० चा तो प्रकार अथेन्सच्या इतिहासातला काळा दिवस आहे. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस तर पुढचं सांगतो. त्या विहिरीतल्या पापाचं प्रायश्चित्त म्हणून स्पार्टाचे स्पेर्थियास आणि बूलिस हे दोघे आपण होऊन पर्शियाला गेले, ‘आमचा जीव घ्या’ म्हणाले, आणि झर्क्सीझनं त्यांना हात न लावता परत पाठवलं. ४३० मध्ये अथेन्सनं मारलेले निकोलाओस आणि अनेरिस्तोस हे याच दोघांचे मुलगे. पर्शियाच्या बादशहानं बापांना सोडलं आणि ग्रीकांनी मुलांना खड्ड्यात टाकलं.

पण याच गोष्टीत मला माझं म्हणणं दिसतं. खड्ड्यात का टाकलं? ठार मारून भागलं असतं. पुरणं म्हणजे काय हे त्यांना नेमकं ठाऊक होतं, म्हणून ते नाकारणं ही वेगळी शिक्षा होती. ज्या लोकांना हे इतकं ठाऊक आहे, त्यांनी सेलिम्ब्रियाच्या माणसाला पायऱ्यांचा ओटा बांधून दिला तर तो वरवरचा देखावा नव्हता. त्यांच्याकडचं सगळ्यात जड नाणं त्यांनी मोजलं.

राजकारण थडग्यांत होतंच, आणि कधी उघड होतं. त्याच रस्त्यावर आणखी एक थडगं होतं, अँथेमोक्रितोसचं. हा अथेन्सचाच भालदार-दूत, युद्धाच्या तोंडावर शेजारच्या मेगारा शहराकडे पाठवलेला, आणि तिथे तो मेला. अथेन्सनं सरळ मेगारावर खुनाचा ठपका ठेवला. ठराव झाला: मेगाराशी कायमचं वैर, मेगाराचा माणूस अथेन्सच्या मुलखात, अॅटिकात सापडला तर मरण, सेनापतींनी शपथ घ्यायची की वर्षातून दोनदा मेगारावर चालून जाऊ, आणि अँथेमोक्रितोसला दरवाज्याशी पुरायचं. मेगाराच्या लोकांनी खुनाचा आरोप साफ नाकारला होता. पण थडगं उभं राहिलं आणि एलेउसिसला, मेगाराला जाणाऱ्या प्रत्येकाला ते बघत जावं लागलं. पाचशेहून जास्त वर्षांनी प्रवासवर्णन लिहिणारा पॉसानियास त्या वाटेनं गेला तेव्हाही ते दाखवत होते. असं थडगं म्हणजे आरोपपत्रच. दर्यावर्दींनी जागेबद्दल विचारलं होतं, त्याचं उत्तर यात आहे. पेलोपोनीसकडून जमिनीनं येणारं प्रत्येक शिष्टमंडळ याच बाजूनं शहरात शिरायचं. आत जाऊन सभेत बोलायच्या आधी त्यांना हे दगड वाचायला मिळायचे.

आणि तो तटसुद्धा बघा. पर्शियन परत गेल्यावर अथेन्सनं तो घाईघाईनं बांधला तेव्हा स्पार्टाचा विरोध होता. अथेन्सचा पुढारी थेमिस्टोक्लीस दूत म्हणून स्पार्टाला जाऊन बसला आणि वेळ काढत राहिला. इकडे स्पार्टाचे दूत पाहणीला आले तर त्यांना गुपचूप अडकवून ठेवलं, तट पुरेसा उंच होईपर्यंत. घाई इतकी की जुन्या थडग्यांचे दगड उपटून भिंतीत घातले. इतिहासकार थ्युसिडिडीसनं हे लिहिलंय, आणि उत्खननात कोरीव थडग्यांचे दगड खरोखर त्या भिंतीतून निघाले.

शत्रूचंही एक उदाहरण देते, मग थांबते. इ.स.पू. ४०३ मध्ये अथेन्सच्या यादवीत स्पार्टाचं सैन्य पिरियसजवळ लढलं. त्यात त्यांचे खैरोन आणि थिब्राखोस हे दोन पोलेमार्ख, म्हणजे सेनाधिकारी, आणि लाक्रातेस हा ऑलिम्पिक विजेता पडले. त्याच काळातला इतिहासकार झेनोफन लिहितो की त्यांना केरामेइकोसमध्ये दरवाज्यासमोर पुरलं. जर्मन उत्खननात ते थडगं सापडलं. एका रांगेत झोपवलेले सांगाडे, डोक्याखाली दगड, काहींच्या हाडांत शस्त्राची टोकं अडकलेली. वरच्या शिळेवर नावं स्पार्टाच्या लिपीत, उजवीकडून डावीकडे. लोकशाही परत आली, ज्यांच्याविरुद्ध हे लढले तेच सत्तेवर बसले, आणि तरी थडगं जागेवर राहिलं. दर्यावर्दी, तुम्ही ज्या दरवाज्यापाशी होतात त्याच्या शेजारी दिपिलॉन दरवाजा आहे. त्यातून बाहेर जाणाऱ्या रुंद रस्त्याच्या कडेला बघायला हवं होतं.

गोदाकाठ

उत्तम धागा. यात आपल्याकडच्या एका माणसाची भर घालतो, कारण अथेन्समध्ये एका भारतीयाचंही थडगं होतं आणि तोही दूतांबरोबरच आलेला.

रोमचा ऑगस्टस पूर्वेकडे होता तेव्हा, इ.स.पू. २० च्या सुमारास, हिंदुस्थानातून त्याच्याकडे शिष्टमंडळ गेलं. दमास्कसच्या निकोलाओस या इतिहासकाराला ते सीरियातल्या अँटिऑकपाशी भेटलं होतं, आणि त्याचं वर्णन भूगोलकार स्ट्रॅबोनं जपून ठेवलंय. पत्रात खूपजणांची नावं होती पण जिवंत पोचले होते तिघे. बाकीचे लांबच्या प्रवासात वाटेतच गेले. पत्र चामड्यावर, ग्रीक भाषेत, पोरस नावाच्या राजाचं. मी ६०० राजांचा राजा आहे पण मला सीझरची मैत्री हवी आहे, असा मजकूर. नजराण्यात मोठाले साप, नदीतलं प्रचंड कासव, गिधाडाहून मोठा तित्तिर आणि जन्मतः हात नसलेला एक मुलगा.

त्यांच्याबरोबर झार्मानोखेगास नावाचा एक साधू होता. नावात ‘श्रमण’ असावा असं बरेच अभ्यासक मानतात. अथेन्समध्ये त्यानं एलेउसिसच्या गुप्त धार्मिक विधींची दीक्षा घेतली आणि मग अंगाला तेल लावून, फक्त लंगोट नेसून, हसत चितेवर चढला. थडग्यावर लिहिलं होतं: “बार्गोसाचा हिंदी झार्मानोखेगास, हिंदी लोकांच्या वडिलोपार्जित चालीप्रमाणे स्वतःला अमर करून, इथे पहुडला आहे.” शंभरेक वर्षांनी ग्रीक चरित्रकार प्लुटार्क लिहितो की ‘हिंद्याचं थडगं’ अजून दाखवतात. आज ते शिल्लक नाही.

बार्गोसा म्हणजे भडोच. मी पैठणचा, म्हणून मला हे जवळचं. त्यानंतरच्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या वाटाड्या-वहीत लिहिलंय की पैठण भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर आहे, तेर तिथून आणखी दहा दिवस पूर्वेला, आणि दोन्हीकडचा माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जातो. ज्या बंदराचं नाव अथेन्सच्या दगडावर गेलं, ते आमच्या पैठणच्या मालाचं बंदर होतं.

वनमाला

गोदाकाठ, फार चांगली भर. वाटेत मेलेल्या बाकीच्यांची आठवण तुम्ही ठेवलीत ते विशेष आवडलं. त्यांची नावंसुद्धा पत्रातच राहिली. झार्मानोखेगासच्या दगडावर त्याचं गाव आणि ‘त्यांच्या चालीप्रमाणे’ हे दोन्ही आलंय हे बघा. अथेन्सकरांना तो मृत्यू विचित्रच वाटला असणार, पण दगडावर त्यांनी त्याला त्याच्या रीतीनं जाऊ दिलं.

दर्यावर्दी

वनमालाताई, रानवारा, गोदाकाठ, तिघांचे आभार. वॉच संपवून एका बैठकीत सगळं वाचलं आणि मेसमध्ये जेवताना इतरांना सांगितलं. आमचा बोसन केरळचा आहे, तो कार्गोच्या पावतीचं ऐकून बराच वेळ बोलला नाही. ताई, मला अहो-जाहो नको, मी तुमच्या मुलाच्या वयाचा असेन.

एकच विचारतो. आता आम्ही एड्रियाटिकमध्ये कोपरला चाललोय. उद्या कॉर्फू उजव्या हाताला लागेल. कर्किराच्या लोकांनी आपल्याकडे परक्यासाठी असं काही केलं होतं का? थेर्सांद्रोस-सिमिलोसच्या गावात काही बघण्यासारखं आहे का?

वनमाला

बरं, आता अरे-तुरे. आहे, आणि तुझ्यासाठीच असल्यासारखं आहे.

कॉर्फू शहराच्या गारित्सा भागात मेनेक्रातेसचं थडगं आहे. दगडांचं गोल, बुटकं बांधकाम. १८४३ मध्ये, बेटावर इंग्रजांचा अंमल असताना, खोदकामात सापडलं. काळ इ.स.पू. ६०० च्या आसपासचा. म्हणजे तू पाहिलेल्या पिथागोरसच्या थडग्यापेक्षा दीडेकशे वर्षं जुनं. ग्रीक लेखांत प्रॉक्सेनॉसचा सगळ्यात जुना उल्लेख इथला आहे. मेनेक्रातेस हा तलासियासचा मुलगा, मुख्य भूमीवर, कॉरिंथच्या आखाताच्या काठी असलेल्या ओइआंथे गावचा. तो कर्किराच्या लोकांची तिथे काळजी घ्यायचा. दगडावर म्हटलंय की तो लोकांचा लाडका प्रॉक्सेनॉस होता, पण समुद्रात बुडाला, आणि ते दुःख सगळ्या गावाचं झालं.

प्रेत मिळालं नसावं, म्हणून बहुतेकजण याला रिकामं थडगं मानतात. दगडावरच्या कवितेच्या शेवटच्या दोन ओळींत काय आहे ते ऐक: त्याचा भाऊ प्राक्सिमेनेस मायभूमीहून आला आणि कर्किराच्या लोकांबरोबर स्वतः राबून त्यानं भावाचं हे थडगं उभं केलं. गाव आणि भाऊ दोघांनी मिळून. अथेन्सच्या दोन्ही दगडांवर घरचं कुणी दिसत नाही, इथे भाऊ आलेला आहे. हे वाचलं तेव्हा माझ्यासमोर तो पांढऱ्या सदऱ्यातला मुलगा उभा राहिला होता.

जहाजावरून ते दिसणार नाही. शहर बेटाच्या पूर्वेच्या अंगाला आहे आणि तुम्ही पश्चिमेकडून जाल. कधी सुट्टीत आलास तर गारित्साच्या खाडीकडे चालत जा आणि कुणालाही मेनेक्रातेस विचार. लेख गोलाभोवती एकाच लांब ओळीत कोरलेला आहे, उजवीकडून डावीकडे. वाचायला त्याच्याभोवती चालावं लागतं. जवळच सापडलेला दगडी सिंह तिथल्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे, तोही बघून घे. आणि कोपरला पोचलास की इथे दोन ओळी टाक.